स्क्रीन विझल्यावर : विजेवरच्या मोटारीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा टिकाऊपणा
(प्रस्तावना)

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं टेस्ला कंपनीला पत्र पाठवून ‘मॉडेल एस’ आणि ‘मॉडेल एक्स’ या मोटारींपैकी सुमारे १ लाख ५८ हजार गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला सांगितल्या. तक्रार होती मधल्या मोठ्या टचस्क्रीनमागच्या संगणकातल्या एका मेमरी चिपची. आकारानं नखाएवढी, आठ गिगाबाइटची ही चिप ठरावीक काळानंतर झिजून संपत होती.

चिप झिजते म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं तर या पुस्तकाचा निम्मा विषय हाती येतो. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक पेशीत थोडा विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. नवीन काही लिहायचं तर आधीचं पुसावं लागतं, आणि दर वेळी पुसताना-लिहिताना पेशीभोवतीचा विद्युतरोधक थर किंचित खराब होतो. कागदावर त्याच जागी खोडरबर घासत राहिलं की कागद विरतो, तसंच. त्या चिपमधला प्रत्येक कप्पा साधारण तीन हजार वेळा लिहिणं-पुसणं सोसेल, असा हिशेब होता. फोनला तेवढं पुष्कळ झालं, कारण फोन लोक तीन-चार वर्षांत बदलतात. पण गाडीतली प्रणाली रोज, गाडी सुरू असेपर्यंत, स्वतःच्या कामकाजाच्या नोंदी त्याच चिपवर लिहीत होती. त्या नोंदींचा चालकाला काडीचा उपयोग नव्हता. प्रशासनाच्या अंदाजानं पाच-सहा वर्षांत चिप संपत होती. मग स्क्रीन काळी पडायची. तिच्याबरोबर मागचं दाखवणारा कॅमेरा जायचा, समोरच्या काचेवरचं धुकं घालवायची सोय हाताबाहेर जायची, इंडिकेटरचा टिकटिक आवाजही बंद व्हायचा. गाडी मात्र चालत राहायची.

कंपनीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांपुरता रिकॉल मान्य केला. पण मान्य करताना तिनं जो मुद्दा मांडला, तो मला रिकॉलपेक्षा मोलाचा वाटतो. असा भाग गाडीच्या अख्ख्या आयुष्याला पुरावा ही अपेक्षाच आर्थिकदृष्ट्या, कदाचित तांत्रिकदृष्ट्याही, व्यवहार्य नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. भाग झिजणारच, झिजला की बदलावा. प्रशासनाची भूमिका उलटी होती. सुरक्षिततेशी संबंधित कामं ज्या भागावर सोपवलीत, तो वाहनाच्या वाजवी आयुष्याआधी संपत असेल तर तो दोषच.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मी पुष्कळदा मनाशी ताडून पाहिलं. चिप झिजते हे कंपनीचं म्हणणं खरं आहे. भौतिकशास्त्रापुढे कुणाचं चालत नाही. पण झिजणाऱ्या चिपवर धुकं घालवायची सोय आणि मागचा कॅमेरा टांगायचा, हा निर्णय निसर्गाचा नव्हता. तो माणसांनी टेबलाशी बसून घेतला होता. म्हणून ‘स्क्रीन किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ती विझल्यावर गाडीत काय शिल्लक राहतं, हे विचारायला हवं. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या वाटांनी याच प्रश्नाकडे येतात.

इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशाचा हिशेब मोटारीपासून सुरू झाला नाही. तो युद्धसामग्रीपासून सुरू झाला. निर्वात नळ्यांवर चालणारी रडार आणि रेडिओ यंत्रं इतकी वारंवार बंद पडत की अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९५२ मध्ये त्यासाठी सल्लागार गट नेमला आणि १९५७ मध्ये त्याचा अहवाल आला. भरवसा ही मोजायची गोष्ट आहे, ती करारात आकड्यानं लिहिता येते, हा विचार तिथून रुजला. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मिल हँडबुक २१७’ आलं. प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर, प्रत्येक जोड यांच्या बिघाडाचा दर कोष्टकात बघायचा आणि बेरीज करून अख्ख्या यंत्राचा दर काढायचा, ही त्याची रीत. अनेक दशकं अभियंत्यांच्या पिढ्या हेच शिकल्या.

दुसरा विचारप्रवाह १९८० च्या दशकात बळावला. मेरीलँड विद्यापीठातल्या मायकेल पेक्ट यांच्या केंद्रानं त्याला आकार दिला. कोष्टकातला सरासरी दर बाजूला ठेवा, त्यांनी सांगितलं, आणि विचारा : हा सांधा तुटतो तो कशानं? किती अंशांच्या चढउतारानं, कसल्या कंपनानं, किती फेऱ्यांनंतर? बिघाडाचं भौतिकशास्त्र असं या पद्धतीला म्हणतात. मोटारीच्या बाबतीत माझं माप निःसंशय या दुसऱ्या पद्धतीच्या पारड्यात आहे. बिघाड सरासरीत होत नाही, तो ठरावीक ठिकाणी होतो. चिपचा पदार्थ आणि ती ज्यावर बसवली तो बोर्ड यांचं तापल्यावर प्रसरण सारखं नसतं. दुपारी गाडी उन्हात तापते, रात्री निवते. रोजच्या या ओढाताणीत चिपच्या पोटाखालच्या सोल्डरच्या शेकडो बारीक गोळ्यांपैकी एखाद्या कोपऱ्यातल्या गोळीला केसाएवढी भेग पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. सकाळी स्क्रीन उठत नाही, दुपारी आपोआप उठते. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की हटकून नीट चालते, आणि ग्राहकाच्या तक्रारीपुढे ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. टेबलावर गाडी निर्दोष ठरते, पण भेग तिथेच असते.

मोटारीत इलेक्ट्रॉनिक्स शिरलं ते मुख्यतः १९७० च्या दशकात, धुराच्या नियमांमुळे. इंजिनात इंधन मोजून सोडायला संगणक लागला आणि तो बऱ्याचदा बसवला बॉनेटखाली, म्हणजे यंत्राला राहायला वाईटात वाईट जागी. त्यातून एक शिस्त तयार झाली. १९९० च्या दशकात क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्सची डेल्को यांनी मिळून चिपांच्या चाचण्यांचे निकष ठरवले. बॉनेटखालच्या चिपनं उणे ४० ते अधिक १२५ अंश सेल्सिअस सोसलं पाहिजे, असं त्यात होतं. साध्या ग्राहकोपयोगी चिपा साधारण शून्य ते ७० अंशांसाठी बनवलेल्या असतात. बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन बसमुळे गाडीतले संगणक एकाच वायरजोडीवर बोलू लागले. तरीही दृष्टी एकच होती : कामं वाटून द्या. खिडकीचा संगणक वेगळा, वायपरचा वेगळा, रेडिओचा वेगळा. रेडिओ मेला तर वायपरला त्याची खबरही नसे. ही रचना महाग होती, तिच्यात किलोंच्या मापानं तांबं लागे, आणि डझनावारी पुरवठादारांचे संगणक एकमेकांशी जुळवताना जीव मेटाकुटीला येई. पण बिघाड आपल्या खोलीतच राहत असे. जुन्या मंडळींच्या या सावधपणाला पुढे मागासलेपणा म्हटलं गेलं, ते मला अन्यायाचं वाटतं.

टचस्क्रीनचा उगम थोडा आधीचा, आणि वेगळ्या जगातला. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रडार संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शानं चालणाऱ्या पडद्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हवाई वाहतूक नियंत्रकांना तो उपयोगी पडेल अशी कल्पना होती. मोटारीत तो प्रथम आला ब्यूइक रिव्हिएरामध्ये, १९८६ साली. नऊ इंची, काचेच्या जड ट्यूबचा पडदा. रेडिओ आणि एसीसाठी रस्त्यावरून नजर काढावी लागते, अशी कुरकुर चालकांनी तेव्हाच केली आणि १९९० च्या मॉडेलात कंपनीनं तो काढून टाकला. त्यानंतर बराच काळ शांतता. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूनं फिरवायच्या एकाच गोल बटणावर सगळा मेन्यू चालवला. २००७ मध्ये आयफोन आला आणि काचेला बोट लावण्याची सवय जगाच्या हाताला लागली. २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये सतरा इंची उभी स्क्रीन बसली, आणि दहा वर्षांच्या आत बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच दिशेनं निघाल्या.

या वाटेचं जे देणं आहे, ते मान्य केलंच पाहिजे. कामं एका मोठ्या संगणकात एकवटली की वायरिंग घटतं, वजन घटतं, आणि गाडी घराच्या अंगणात उभी असताना दुरुस्त करता येते. मे २०२२ मध्ये टेस्लाच्याच सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांमध्ये जलद चार्जिंगच्या वेळी प्रोसेसर तापून स्क्रीन मंद किंवा काळी पडू शकते, असं आढळलं. सॉफ्टवेअर बदलून थंड करण्याची पद्धत सुधारली गेली आणि एकाही मालकाला सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागली नाही. याच सोयीची दुसरी बाजू नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियनच्या मालकांनी पाहिली. अपडेटची चुकीची प्रत चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांसह गेली आणि ज्या गाड्यांनी ती प्रत घेतली त्यांच्या स्क्रीन काळ्या पडल्या. गाड्या चालत होत्या, पण वेग दाखवणारी स्क्रीनसुद्धा विझलेली. सोल्डरची भेग एका गाडीत पडते. सॉफ्टवेअरची चूक एका रात्रीत हजारो गाड्यांत पोचते. म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांचा संप्रदाय वेगळा मानावा लागतो. त्याचे नियमही वेगळे : कार्यात्मक सुरक्षिततेचं २०११ चं आयएसओ २६२६२, आणि सायबर सुरक्षा व अपडेट यांसाठी २०२० मध्ये स्वीकारलेले संयुक्त राष्ट्रांचे नियम १५५ आणि १५६. हे दुसरे नियम येण्याआधी एक धडा मिळून चुकला होता. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा संशोधकांनी धावत्या जीपचा ताबा तिच्या मनोरंजन यंत्रणेतून शिरून दुरून घेऊन दाखवला, आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाणी लावायच्या यंत्रातून ब्रेकपर्यंत वाट असते, हे सामान्य ग्राहकाला त्या दिवशी कळलं.

आणखी एक संप्रदाय माणसाच्या बाजूनं बघणाऱ्यांचा. यांच्या लेखी, भाग शाबूत आहे पण चालकाला तो वेळेवर चालवता येत नाही, तर यंत्रणा निकामीच. याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडतं. विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकं आत घेत, कारण दोन्ही खटके शेजारी आणि दिसायला सारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी चाकाच्या खटक्याला चाकाचा आणि फ्लॅपच्या खटक्याला फ्लॅपचा आकार द्यायला सुचवलं. न बघता, नुसत्या बोटांनी ओळख पटावी, ही ती दृष्टी. सपाट काचेला ती ओळखच उरत नाही.

‘व्ही बिलॅगारे’ या स्वीडिश मोटार मासिकानं २०२२ मध्ये केलेली चाचणी मला इथे सविस्तर सांगावीशी वाटते, कारण ती कुणालाही समजेल अशी आहे. अकरा नव्या गाड्या आणि बटणांची एक २००५ ची व्होल्व्हो व्ही ७०. विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरनं जाताना चालकानं चार कामं करायची : सीट गरम करून आतलं तापमान वाढवायचं आणि काचेचं धुकं घालवायचं, रेडिओ लावून विशिष्ट केंद्र पकडायचं, प्रवासाची नोंद शून्य करायची, आणि डॅशबोर्डचा उजेड कमी करून मधली स्क्रीन बंद करायची. गाडीची ओळख करून घ्यायला चालकांना आधी वेळ दिला होता. सतरा वर्षांच्या व्होल्व्होत चारही कामं १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडली एमजीची विजेवरची मार्व्हल आर : सुमारे ४५ सेकंद, १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर, लक्ष अर्धं स्क्रीनवर आणि अर्धं रस्त्यावर.

प्रयोगाबाहेरही याची किंमत मोजली गेली आहे. जर्मनीत कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका टेस्लाचालकाचा दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम ठेवली. जोराच्या पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलताना त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली होती. ती स्क्रीन बसवलेली असली तरी फोनसारख्या उपकरणाच्याच नियमात येते, असं न्यायालयानं धरलं. त्याआधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजावर आदळून दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू आणि गती यांचं नियंत्रण टचस्क्रीनवर होतं आणि ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर देताना गोंधळ उडाला. अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबर या रचनेकडेही चौकशीनं बोट दाखवलं, आणि २०१९ मध्ये नौदलानं विनाशिकांवर हातानं ढकलायचे खटके परत आणायचं ठरवलं. मोटारीच्या जगाला तिथवर यायला आणखी वेळ लागला. फोक्सवॅगननं गोल्फ आणि आयडी मालिकेत तापमान व आवाजासाठी स्पर्शपट्ट्या दिल्या. सुरुवातीला त्या रात्री उजळतही नव्हत्या. ग्राहकांच्या रोषानंतर कंपनीनं बटणं परत आणायचं जाहीर केलं. युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच कामांना प्रत्यक्ष बटण किंवा खटका नसेल तर गुण कापायचं ठरवलं. सक्ती नाही, पण पाच ताऱ्यांचा मोह कंपन्यांना चांगलाच असतो.

मग विजेवरच्याच गाड्यांची वेगळी चर्चा का? स्क्रीन तर पेट्रोलच्या गाडीतही आहे. एक कारण असं की या गाड्या कोऱ्या कागदावर आखल्या गेल्या, आणि सगळं एकवटण्याचा आग्रह त्यांच्यात सर्वांत पुढे गेला. पण त्याहून महत्त्वाचं कारण सीटखाली किंवा बॉनेटखाली लपलेल्या बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीत आहे. शेकडो व्होल्टचा भला मोठा बॅटरी पॅक असूनही गाडी जागी होते ती या छोट्या बॅटरीवर. मोठ्या पॅकला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर ओढायला हीच वीज लागते, संगणकांना आणि स्क्रीनला हीच, आणि दारांच्या कड्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांनाही हीच. अल्टरनेटर नसल्यामुळे तिला भरण्याचं काम पॅकमधून वीज उतरवून देणारा कन्व्हर्टर करतो. तो गेला की पॅक ऐंशी टक्के भरलेला असूनही गाडी रस्त्यात मरते.

ह्युंदाई आणि किया यांच्या अनुभवावरून हे ठळक झालं. आयोनिक ५, ईव्ही ६ आणि त्यांच्या भावंडांमध्ये चार्जर आणि कन्व्हर्टर एकाच पेटीत आहेत. तिला आयसीसीयू म्हणतात. विजेच्या क्षणिक उसळ्या आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्या यांनी त्यातले ट्रान्झिस्टर खराब होऊ शकतात, बारा व्होल्टची बॅटरी भरायची थांबते आणि गाडी ताकद गमावते, असं निष्पन्न झालं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ४७ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला, आणि नोव्हेंबरात पुन्हा, आता सुमारे २ लाख ८ हजार गाड्यांचा. भारतातही त्याच वर्षी ह्युंदाईनं १,७४४ आयोनिक ५ आणि कियानं १,१३८ ईव्ही ६ परत बोलावल्या. गाजावाजा स्क्रीनचा होतो, पण मालकाला रस्त्यात उभं करतो तो बहुधा हा न दिसणारा डबा. या संग्रहात त्याला स्क्रीनइतकीच जागा मिळाली आहे, हे मला योग्य वाटतं.

इथे घाईघाईनं निष्कर्ष काढणाऱ्यांनाही थांबवलं पाहिजे. अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं २०२३ च्या शेवटी आपल्या सदस्यांच्या अनुभवांवरून सांगितलं की विजेवरच्या गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा ७९ टक्के अधिक अडचणी आढळतात. वर्षभरानं तोच आकडा ४२ टक्क्यांवर आला. मोटर आणि पॅक यांचं मूळ तंत्र साधं आहे. फिरणारे भाग मोजके, इंजिनाचं तेल नाही. अडचणी बऱ्याच अंशी नव्या मॉडेलच्या कोवळेपणाच्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घाईनं बाजारात आणलेल्या चार्जिंग यंत्रणेच्या, सॉफ्टवेअरच्या, कड्या-कुलपांच्या. विजेची गाडी घेऊ नये, असं या पुस्तकातला एकही लेख म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.

आपल्याकडे या विषयाला हवामानाचीही एक बाजू आहे. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास जातो. विदर्भातल्या मे महिन्यात हे रोजचं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा. कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा कनेक्टरच्या पिनांवर बसते. पावसाळ्यात ओल्या बोटांनी स्क्रीन दाबली की ती भलतंच ऐकते, कारण ही काच दाब मोजत नाही. बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल मोजते, आणि पाण्याचा थेंब तोच बदल घडवतो. शिवाय वायरिंग कुरतडणारे उंदीर, ज्यांची दखल कोणत्याही आंतरराष्ट्रीय मानकात पुरेशी नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या करते, आणि २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीचे भारतीय निकष कडक झाले. स्क्रीन आणि तिच्यामागचा संगणक किती वर्षं, किती तापमानाला टिकला पाहिजे, याविषयी तितकीच जागरूकता यायला हवी.

पुण्याच्या बुधवार पेठेत मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या टेबलाशी मी मध्यंतरी बसलो होतो. त्याच्याकडे आता गाड्यांचे डिस्प्लेही येतात. समोर होतं एका विजेवरच्या गाडीचं युनिट. सर्व्हिस सेंटरनं ते अख्खं बदलायला सांगितलं होतं. त्यानं ढाल काढली, गरम हवेच्या झोतानं चिप अलगद सोडवली, साच्यात बसवून संगणकाला लावली. नव्या पिढीच्या या मेमरी चिपा आपण किती झिजलो हे स्वतःच नोंदवून ठेवतात, दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी. त्याच्या पडद्यावर आलेला आकडा शेवटच्या पायरीच्याही पुढचा होता. बाकी बोर्ड ठणठणीत. म्हणजे दोष कुठे आहे हे चिपला ठाऊक होतं, ते वाचायचं साधन पेठेतल्या गाळ्यात होतं, आणि गाडीच्या मालकाला मात्र स्क्रीन विझेपर्यंत कुणीही काही सांगितलं नव्हतं. टायर किती झिजला हे आपण वाकून बघू शकतो. चिपची झीज दाखवायला सेटिंगमधली एक ओळ पुरेल. ती कायद्यानं सक्तीची करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे पुस्तक आत्ताच का हवं, याचं उत्तर महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर रस्त्यावरच आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात हात बदलताहेत. चाकणला महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन शेजारी-शेजारी आहेत. त्याच चाकणमध्ये मर्सिडीजनं जुळणी केलेल्या ईक्यूएसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत काचच काच. जगभरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर हिंजवडीत लिहिलं जातं. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणूस आहे : गाडी घेणारा, आणि ती घडवणारा. ग्राहकाला बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी ठळक अक्षरांत दाखवली जाते. स्क्रीन आणि तिचा संगणक बहुधा गाडीच्या साध्या, बऱ्याच कमी वर्षांच्या वॉरंटीत असतात. वॉरंटी संपल्यानंतरच्या वर्षांत गाडी घेणारा माणूस सहसा पहिल्या मालकाहून बेताच्या खिशाचा असतो. झिजलेल्या चिपचा भुर्दंड त्याच्याच गळ्यात पडतो. त्यात कंपनीच बुडाली तर? चीनमध्ये डब्ल्यूएम मोटर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत फिस्कर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, आणि मालकांना अपडेट व सेवा कोण देणार हा प्रश्न रातोरात उभा राहिला. पेट्रोलच्या गाडीची कंपनी बंद पडली तरी गावचा मेकॅनिक ती चालती ठेवत असे. बंद सर्व्हरपुढे त्याचा पाना चालत नाही.

या संग्रहाचे लेखक वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. कुणी चाचणी प्रयोगशाळेत आयुष्य घालवलं आहे, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी गॅरेजच्या खड्ड्यात उतरून. त्यांच्यात एकमत नाही आणि ते घडवून आणण्याचा प्रयत्न संपादकांनी केलेला नाही, हे मला आवडलं. सगळी कामं एकवटण्याच्या बाजूनं लिहिणारे लेखक इथे ताकदीनं बोलतात. वायरींचं जंजाळ किती बिघाड पोसतं, हे त्यांनी दाखवलं आहे आणि मला काही ठिकाणी माघार घ्यावी लागली. बटणवाल्यांनीही एक गोष्ट मान्य केली आहे : बटणाचा खटकाही झिजतो, त्याच्या फटीतही धूळ आणि चहा शिरतो. कंपन्यांची क्रमवारी इथे मिळणार नाही. आजची क्रमवारी पुढच्या अपडेटला शिळी होते. चिप का झिजते, सांधा का तुटतो, कोणतं काम कोणत्या भागावर टांगू नये, हे शिळं होत नाही. दुचाक्या आणि बस मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत, कारण त्यांचा धक्का, धूळ आणि पाऊस यांचा हिशेब निराळा आणि तो स्वतंत्र पुस्तक मागतो.

विद्यार्थ्यांनी सुरुवातीपासून क्रमानं वाचावं; सोल्डर आणि मेमरीवरचे लेख कठीण वाटले तरी ओलांडू नयेत, पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. ज्यांना येत्या महिन्याभरात गाडी घ्यायची आहे त्यांनी बारा व्होल्टच्या बॅटरीवरचा लेख आधी वाचावा. मग शोरूममध्ये चाचणीसाठी बसल्यावर विक्रेत्याला मधली स्क्रीन बंद करायला सांगावं, आणि काचेवरचं धुकं, वायपर, धोक्याचे दिवे आणि दाराची आतली कडी यांपैकी काय काय हाताला लागतं, ते स्वतः करून बघावं.